आवक बंद, जावक चालू

ताई,

तुझ्या तेराव्याच्या पंगतीत मी ताक वाढत होतो. तुझ्याकडे पूर्वी टायपिंग शिकलेली एक बाई शेजारणीला म्हणाली, "भाऊ असावा तर असा. सहा वर्षं बहिणीला जपलंन हो अगदी." ते ऐकून मी पुढच्या पानावर ताक न वाढताच स्वयंपाकघरात परतलो. मायाने विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "ताक संपलं." भांडं अर्धं भरलेलं होतं. मायाने भांड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ते माझ्या हातातून घेऊन स्वतः वाढायला गेली.

आता पाहुणे गेले. आई दुपारची पडली आहे. जो तो तुझ्या जिद्दीबद्दल बोलून गेला आणि जाताजाता माझ्या पाठीवर हात ठेवून गेला. त्यांतल्या एकालाही मी थांबवलं नाही. थांबवून सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण ते आधी तुला सांगायला हवं होतं. सहा वर्षं सांगीन सांगीन म्हणत राहिलो. म्हणून हे आता लिहितोय. वाचायला तू नाहीस, याचीही मला सोयच वाटते आहे बहुतेक. मी कसा आहे ते तुला माहीतच आहे.

बाबा गेले तेव्हा मी आठवीत होतो आणि तू विशीतली. मुंबईला एका कचेरीत तुझी नोकरी ठरल्यात जमा होती. ती सोडून तू इथेच, रत्नागिरीच्या बाजारात, माडीवरच्या एका खोलीत टायपिंगचा क्लास काढलास. दोन जुनी मशीनं होती, त्यांची पुढे पाच झाली. तुझा तो पुठ्ठ्याचा खोका मला अजून दिसतो. नवीन मुलगी आली की पहिले आठ दिवस तू बटणं दाखवायचीस आणि नवव्या दिवशी मशीनवर खोका उपडा घालायचीस. दोन बाजूंनी हात आत जाण्यापुरती भोकं. मुलगी रडकुंडीला यायची.

"बाई, दिसत नाही काही."

"दिसायचं नाहीच आहे. बोटांना आपलं घर माहीत असतं. लांब जाऊन येतात ती परत. तू मध्ये लुडबुड करू नकोस."

महिन्याभरात तीच मुलगी खिडकीबाहेर बघत पानभर पत्र टाइप करायची. मिरकरवाड्याची शकीला तर बोलता बोलता करायची. घरी आलेल्या माशांची नावं सांगत असायची आणि खाली बोटं 'आपला विश्वासू'पर्यंत पोचलेली असायची.

मी प्राणिशास्त्र घेतलं, एम.एस्सी. केली, ती तुझ्या त्या पाच मशीनांवर. सुट्टीत घरी आलो की आपला एक वाद ठरलेला. कौशल्य राहतं कुठे? तू म्हणायचीस, बोटांत. मी हसायचो. म्हणायचो, बोटांना काडीची अक्कल नसते, सगळं मेंदूत ठरतं, बोटं म्हणजे नुसते शिपाई.

"मग मी मनात संध्याकाळच्या भाजीचा विचार करत असते तेव्हा पत्र कोण टाइप करतं?"

"मेंदूच. त्याचा मागचा एक भाग आहे, लहान मेंदू. सराव झाला की काम तिकडे जातं."

"तो माझ्याशी बोलतो का कधी?"

"नाही."

"मग तो माझा कसा? त्यापेक्षा माझी बोटं बरी. निदान दिसतात तरी."

मी तुला डोकं काढलेल्या बेडकाची गोष्ट सांगितली होती. त्याच्या पाठीला आम्लाचा बोळा लावला तर मेंदू नसतानाही तो मागचा पाय उचलून बरोबर ती जागा पुसतो. तू पोळी लाटत होतीस. लाटणं थांबवून म्हणालीस, "म्हणजे त्याच्या पायाला कळतं! मी काय वेगळं सांगत होते?" मी म्हणालो, कळत नाही, ती प्रतिक्षिप्त क्रिया असते, मेरुरज्जूतून होते. तू म्हणालीस, "विन्या, तुला नाव माहीत आहे. बेडकाला पुसता येतं." मला त्या वेळी राग आला होता. पुढे कॉलेजात शिकवायला लागलो तेव्हा हे वाक्य मी वर्गात वापरलं, आणि ते तुझं आहे हे कधी सांगितलं नाही.

सहा वर्षांपूर्वी गणपती गेल्यावर तुला ताप आला. साधाच वाटला. सहा-सात दिवसांनी उतरला आणि आठव्या दिवशी सकाळी तू उठायला गेलीस ती गादीवरून खाली. आई धावली. "अगो सुलू, काय झालं?" तू म्हणालीस, "मला माझं अंग सापडत नाहीये."

हे वाक्य मी दारात उभा राहून ऐकलं. माझ्या मनात आलं, काय बोलण्याची तऱ्हा.

गल्लीतल्या डॉक्टरांनी तपासलं. ताप नाही, छाती स्वच्छ, हातापायांत ताकद आहे. म्हणाले, अशक्तपणा. मी माझ्या परीने तपासणी केली. म्हटलं, ताई, माझा हात दाब. तू इतका दाबलास की बोटं कळवळली. पाय ढकल म्हटलं, ढकललास. म्हणजे पक्षाघात नाही. कपाकडे टक लावून बघत तू हळूहळू चहाचा कप उचललास, तोंडाशी नेलास. तेवढ्यात आईने मागून काही विचारलं, तू मान वळवलीस आणि कप हातातून सुटला. पुन्हा दुपारी तेच. बघत असलीस की जमतं, नजर काढली की हात भलतीकडे जातो. एकदा तर तुझा हात आपोआप वर तरंगत जाऊन मायाच्या गालाला लागला, आणि तुला ते कळलंही नाही.

मला ते सगळं संशयास्पद वाटलं. माझ्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. इतकी वर्षं घर तुझ्याभोवती फिरत होतं, आता माया आली होती, तिला दिवस गेले होते, आईचं लक्ष तिच्याकडे होतं. मी मनाशी जुळवून टाकलं, की ताईला कोणीतरी आपल्याकडे बघायला हवं आहे. मी शिकलेला होतो ना. अडाणी माणसाने देवऋषी बोलावला असता. मी त्याहून वाईट केलं. मी निदान केलं.

दसऱ्याच्या आधीचा रविवार होता. तू ओटीवर भिंतीला टेकून बसली होतीस, आईने समोर ताट ठेवलं होतं आणि तुझा भाताचा घास तिसऱ्यांदा पदरावर सांडला. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "ताई, पुरे झालं आता हे नाटक. तुला काहीही झालेलं नाही."

तू माझ्याकडे पाहिलंस. माझ्याकडे पाहिलंस म्हणून हातावरची नजर गेली, आणि उरलेला भातही सांडला. मला वाटलं, हे बघ, मुद्दाम.

आईला आणि मायाला मी बजावलं, की तिला भरवायचं नाही, उठवायचं नाही, आपोआप उठेल. आई माझं ऐकत असे, मी प्रोफेसर होतो. चार दिवस तुला कोणी हात लावला नाही. चार दिवस तू जमिनीवर पालथी पडून, मान वर करून, स्वतःच्या हाताकडे बघत तो ताटापर्यंत नेत होतीस. मी येता-जाता पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, कळेल आता.

पाचव्या दिवशी मायाने माझं ऐकायचं सोडलं. मी कॉलेजात असताना तिने तुला न्हाणीघरात नेऊन न्हायला घातलं. मी घरी आलो तेव्हा ती पदर खोचून, ओल्या हातांनीच समोर उभी राहिली.

"शिकेकाई डोळ्यांत जाईल म्हणून मी वन्संना म्हटलं, डोळे मिटा. त्यांनी मिटले, आणि भाताचं पोतं कलंडावं तशा त्या कलंडल्या. पडतोय हे त्यांना कळलंसुद्धा नाही. कोणी नाटक करणारं पडताना हात तरी पुढे करतं. यांनी केला नाही." ती रडत नव्हती, संतापली होती. "तुम्ही शरीर शिकवता ना? मग एकदा येऊन बघा तरी."

मी आलो. तुला डोळे मिटायला सांगून तुझा अंगठा वर वाकवला. विचारलं, वर की खाली? तू म्हणालीस, "धरलास का?"

मुंबईला नेईपर्यंत आणखी दिवस गेले. एस.टी.च्या बाकावर एका बाजूला माया, एका बाजूला मी, मधे तू ओढणीने बाकाला बांधलेली, कारण वळण आलं की तू पडायचीस. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी पहिली गोष्ट काय केली, तर रबरी हातोडा काढला आणि तुझ्या गुडघ्याखाली मारला. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारला. नाही. तसलाच हातोडा माझ्या प्रयोगशाळेच्या कपाटात होता, ताई. दरवर्षी मी एखाद्या मुलाला टेबलावर बसवून त्याचा पाय उडवून दाखवायचो आणि वर्ग हसायचा. घरापासून कॉलेज वीस मिनिटांवर. तो हातोडा खिशात घालून आणावा आणि एकदा आपल्या बहिणीच्या गुडघ्यावर मारून बघावा, हे माझ्या मनात आलं नव्हतं.

"किती दिवस झाले?" डॉक्टरांनी विचारलं.

"पाच आठवडे," मी म्हणालो.

"आधी का नाही आणलंत?"

मी उत्तर द्यायच्या आत तू म्हणालीस, "गाडीचं जमत नव्हतं." तिथेही तूच मला सांभाळून घेतलंस.

त्यांनी समजावून सांगितलं ते मी ऐकत होतो आणि मला लाज वाटत होती, कारण मला सगळे शब्द येत होते. शरीरात येणाऱ्या वाटा वेगळ्या आणि जाणाऱ्या वेगळ्या. मेंदूकडून स्नायूंकडे हुकूम जातात, ती वाट तुझी शाबूत होती. पण स्नायू किती ताणलाय, सांधा किती वाकलाय, हात आत्ता कुठे आहे, याची खबर क्षणोक्षणी उलट मेंदूकडे जात असते; माणसाला ती जाणवत नाही, पण पुढचा हुकूम तिच्यावरच ठरतो. ती खबर नेणाऱ्या चेतापेशी तापानंतर मेल्या होत्या. बहुधा तुझ्याच शरीराने तापाशी लढताना चुकून त्यांनाही शत्रू समजून मारलं होतं. मानेच्या खाली तुझं अंग तुला हरवलं होतं. अगदी तू म्हणाली होतीस तसंच.

तू शांतपणे ऐकलंस आणि विचारलंस, "म्हणजे आवक बंद, जावक चालू?"

डॉक्टर हसले. म्हणाले, इतकं नेमकं आम्हालाही सांगता येत नाही.

"मग पोच येत नसताना पत्रं पाठवायची कशी?"

"बघून," ते म्हणाले. "औषध नाही. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण डोळे आहेत. डोळ्यांना ते काम शिकवता येतं का, बघा."

मी त्यांना बाहेर गाठून विचारलं, आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, कदाचित फरक पडला नसता. त्या 'कदाचित'ला मी सहा वर्षं धरून आहे. रोज त्याची एक बाजू बघतो.

परत आल्यावर तू स्वतःचा क्लास घेतलास. टायपिंगचा असतो तसाच. पहिला धडा, बसणं. पोट आवळायचं, मान पुढे, नजर मांडीवर. तीन आठवडे नुसतं बसणं. मी आधार द्यायला गेलो की ओरडायचीस, "हात लावू नकोस, मला दिसत नाही." चमचा, वेणी, मग उभं राहणं. चुकलं की तू तेच म्हणायचीस जे मुलींना म्हणायचीस: आधी अचूक, मग वेग. दीड वर्षाने तू खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चाललीस, नजर पायांवर खिळवून, घामाने पातळ भिजलेलं. आमची वेदा त्याच महिन्यात चालायला लागली होती. ती पडत-उठत, इकडेतिकडे बघत, हसत पळायची. तू तिच्याकडे बघत म्हणालीस, "हिला कोणी शिकवलं नाही, आणि ही विसरणार नाही." तू कडवट नव्हतीस. मला वाटतं, तुला खरंच नवल वाटत होतं.

शिंक आली तर तू पडायचीस. चालताना कोणी हाक मारली तर थांबून, दोन्ही पाय रोवून मगच 'ओ' द्यायचीस. मांडवीच्या किनाऱ्यावरच्या वाऱ्यात तुला उभं राहता येत नसे. एक पायरी उतरताना तू जितका विचार करायचीस तितका मी दिवसभरात करत नाही. आणि तरी तू क्लास पुन्हा उघडलास. स्वतः एका बोटाने, बघत बघत टाइप करायचीस आणि मुलींच्या मशीनवर खोका घालायचीस. एक जण धीट होती. म्हणाली, "बाई, तुम्ही तर बघता." तू म्हणालीस, "म्हणून तर सांगते, बघू नको."

एकदा आपण मिरकरवाड्याला गेलो होतो. शकीलाच्या लग्नाचं आमंत्रण होतं, तिच्या घरून निघालो आणि तू धक्क्यापाशी रिक्षा थांबवायला सांगितलीस. ट्रॉलर लागले होते, आणि सावलीला काही माणसं फाटलेली जाळी विणत बसली होती. एक जण पायाच्या अंगठ्यात जाळं धरून बाजूच्याला काहीतरी भांडणाची हकीकत सांगत होता आणि हात आपले चालले होते, गाठ, ओढ, गाठ. तू रिक्षातून बघत राहिलीस. "एकाचीही नजर हातावर नाही रे," तू म्हणालीस. मी सुरू झालो, लहान मेंदूत तो क्रम कसा साठतो, आणि बोटांकडून येणाऱ्या खबरीने तो कसा दुरुस्त होत राहतो, म्हणजे ताई, तू म्हणत होतीस त्यात तथ्य होतं, बोटं नुसते शिपाई नसतात...

"विन्या," तू म्हणालीस, "जरा गप्प बस. मला त्यांच्याकडे बघू दे."

आपला वाद तिथेच राहिला. मी हरलो होतो हे कबूल करत होतो आणि तुला ते ऐकायचंही नव्हतं. इतक्या वर्षांनी मी तुझ्या बाजूने आलो, तेही व्याख्यान देत.

आता जे सांगायचं ते सांगतो. तुला ते माहीत आहे, आईला नाही.

मुंबईहून एक प्राध्यापक आमच्या विभागात येणार होते, आणि मला त्यांच्यापुढे चमकायचं होतं. मी तुला म्हटलं, ताई, मुलांना संवेदना आणि हालचाल हा धडा आहे. तू येशील का? तुझ्याइतकं कोणी शिकवू शकणार नाही. तुला आनंद झाला. खरंच झाला. तू मायाकडून इस्त्री करवून घेतलेलं पातळ नेसलीस. ठरलं होतं, की डोळे मिटायचे ते खुर्चीत बसून, आणि एक हात कुठे जातो तेवढं मुलांना दाखवायचं.

फाटकापासून वर्गापर्यंत तू एकटी चाललीस. मुलं उभी राहिली होती. मग तू खुर्चीत बसून बोललीस. बोटांचं घर, आवक-जावक, कपाची गोष्ट. नाटकाची गोष्ट मात्र गाळलीस. मुलं हसली, दोघीतिघींनी डोळे पुसले. ते प्राध्यापक पुढे झुकून ऐकत होते. तेव्हा ते माझ्याकडे बघत नव्हते, तुझ्याकडे बघत होते. आणि मी म्हणालो, "ताई, आता उभी राहा. उभ्याने डोळे मिटून दाखव."

तू माझ्याकडे पाहिलंस. ती नजर मी ओळखली, आणि ओळखली नाही असं दाखवलं.

"उभ्याने?"

"मी आहे ना धरायला."

तू उभी राहिलीस. पाय रोवलेस. डोळे मिटलेस. मी तेवढ्यात त्या प्राध्यापकांकडे वळून म्हणालो, "आता पाहा, सर..." आणि तू गेलीस. मी फळ्याकडे हात करून उभा होतो, ताई. माझे हात हवेत होते, खडूसकट. तुझं मनगट व्यासपीठाच्या कडेवर आपटलं तो आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला.

कोणीतरी घाबरून हसलं. तू जमिनीवरून, मान वर करून, आधी आपले पाय कुठे आहेत ते शोधलंस. मग मुलांना म्हणालीस, "पाहिलंत? लिहून घ्या."

घरी आईला सांगितलंस, "कॉलेजच्या पायरीवर चुकले." सहा आठवडे प्लास्टर होतं. ते काढलं तेव्हा तुझा उजवा हात दोन वर्षांत शिकलेलं सगळं विसरला होता. चमच्यापासून पुन्हा. मी समोर बसून बघत होतो. रोज ठरवायचो, आज म्हणेन. ताई, मी चुकलो, दोन्ही वेळा चुकलो. तू चमच्यावर नजर लावून बसलेली असायचीस आणि मला निमित्त मिळायचं, की आत्ता बोललो तर तिचा घास सांडेल.

त्या प्राध्यापकांनी जाताना माझी पाठ थोपटली होती. फार प्रभावी पाठ झाला, म्हणाले. हेही सांगून टाकतो.

यंदा तुझ्या छातीत कफ झाला आणि तो वाढत गेला. इस्पितळात ठेवलं. माया दिवसभर तुझ्याजवळ असायची, मी कॉलेज सुटल्यावर जायचो. त्या दुपारी मी लवकर आलो. मायाला मी जेवायला घरी पाठवलं नव्हतं, ती आपणच गेली होती. खोलीत तू एकटीच होतीस, डोळे मिटलेले, श्वास जोरजोरात. तुझा डावा हात कॉटखाली लोंबत होता. तुला कसा कळणार. मी तो उचलून पांघरुणावर ठेवला, आणि मग सोडला नाही. दोन्ही हातांत धरून बसलो. मनाशी वाक्य जुळवत होतो. जागी झाली की म्हणायचं, हे नक्की केलं होतं. धरलेला हात तुला कळत नाही, म्हणून मला धीरही आला होता.

तू डोळे न उघडताच म्हणालीस, "ऊब लागतेय."

मी चमकलो. मग आठवलं, स्पर्शाची वाट बंद असली तरी ऊन-गार आणि दुखणं यांच्या वाटा वेगळ्या, बारीक तंतूंच्या. त्या तुझ्या पहिल्यापासून शाबूत होत्या. हात कोणाचा, केवढा, कसा धरलाय, यातलं तुला काही कळत नव्हतं. फक्त कुठेतरी ऊब आहे एवढंच.

"माया, जेवून आलीस?"

मी काही बोललो नाही.

"विन्या आला नाही ना अजून?" तू मध्ये मध्ये श्वास घेत होतीस. तोंडाच्या कोपऱ्यात थोडंसं हसू होतं. "आला की म्हणेल, ताई, जरा डोळे मिट. म्हणून मी आधीच मिटून ठेवलेत."

थट्टा होती ती. मला कळतं. पण एवढी वर्षं ती तुझ्याजवळ होती, आणि तू ती मला ऐकवली नव्हतीस, मायाला ऐकवत होतीस. जुळवलेलं वाक्य माझ्या तोंडात होतं. नुसता आवाज काढला असता तरी तुला कळलं असतं.

थोड्या वेळाने तू म्हणालीस, "हात काढू नको हां. बरं वाटतंय."

मी काढला नाही. माया परत येईपर्यंत तसाच बसलो, श्वासाचाही आवाज होऊ नये म्हणून जपत. ती दारात दिसली तेव्हा तुला झोप लागली होती. मी उठलो आणि तिला खुणेने माझ्या जागी बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस, जाग न येता.

तो हात मायाचा नव्हता, ताई. माझा होता.